मिनी डाळ मिल टाकताय? कोणते कागद, कोणत्या क्रमाने

लातूर, औसा, उदगीर या पट्ट्यात तूर-हरभरा भरपूर, त्यामुळे मिनी डाळ मिल टाकायचा विचार बऱ्याच घरांत चालू असतो. मशीन कुठलं घ्यायचं, कर्ज कोणती बँक देते, याची चौकशी कित्येक महिने होते. कागदांचं मात्र ‘एजंट बघेल’ म्हणून सोडून दिलं जातं. एजंट परवाने काढून देतो, पण भावाभावांतली भागीदारी, गाळ्याचा करार आणि उधारी यांच्याकडे तो बघत नाही. माझ्या पाहण्यात चांगले चाललेले धंदे मोडले ते परवान्यापायी नाही, या तीन गोष्टींपायी. म्हणून इथे परवान्यांचं थोडक्यात सांगतो आणि या तिन्हींवर जास्त थांबतो.

उदाहरण डाळ मिलचं घेतलंय. पापड, मसाले, बेकरी किंवा वेल्डिंगचं दुकान असलं तरी क्रम साधारण हाच.

१. धंदा कोणाच्या नावावर, ते आधी ठरवा

एकटेच असाल तर एकल मालकी पुरते. त्यासाठी वेगळी कंपनी काढावी लागत नाही. तुमचा पॅन हाच धंद्याचा पॅन. पण धंद्याचं कर्ज तुमचं स्वतःचंच कर्ज असतं, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

दोघं-तिघं असाल तर भागीदारी. समजा, दोन चुलतभाऊ आहेत. एकाने ८ लाख घातले, दुसऱ्याने २ लाख घातले आणि सकाळपासून रात्रीपर्यंत मिलवर तोच उभा राहतो. ‘घरातलेच आहोत, लिहायचं काय’ म्हणून कागद केला नाही. अशा वेळी १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा काय धरतो? नफा-तोटा दोघांत समान, भांडवल कमी-जास्त असलं तरी. आणि मिलवर राबणाऱ्याला त्या कामाचा पगार नाही. म्हणजे ८ लाखवाला नाराज आणि राबणाराही नाराज. दोघांच्याही मनात वेगळा हिशेब होता, पण तो कुठेच लिहिलेला नव्हता.

त्यामुळे भागीदारी पत्रात एवढं तरी स्पष्ट हवं: कोणाचं भांडवल किती, नफ्याचा वाटा किती टक्के, काम करणाऱ्याला महिन्याला किती, बँकेत सही कोणाची, कर्ज काढायला दोघांची संमती लागेल का, एकाला बाहेर पडायचं झालं तर मशीनची किंमत कोण ठरवणार. एक भागीदार वारला तर काय, हेही लिहा. बोलायला अवघड वाटतं खरं, पण दोनच भागीदार असतील तर एकाच्या मृत्यूने भागीदारी संपते आणि त्याचा हिस्सा वारसांना द्यावा लागतो. तो हिस्सा कसा मोजायचा हे आधीच ठरलेलं असलं, तर दुःखाच्या दिवसांत वाद होत नाही.

पत्र योग्य मुद्रांकावर करा. मुद्रांक शुल्क भांडवलावर ठरतं, साध्या बाँडवर भागेलच असं नाही. मग भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंदणी करा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातला हक्क मिळवण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. व्यापाऱ्याकडे तुमचे ४ लाख अडकले आणि तुमची संस्था नोंदलेलीच नसली, तर कोर्टाचा रस्ता तिथेच अडतो.

आणखी एक: एका भागीदाराने संस्थेच्या नावाने केलेलं देणं दुसऱ्याच्या शेतापर्यंत येऊ शकतं. कर्ज मोठं असेल आणि ही जोखीम नको असेल, तर २००८ च्या कायद्याखालची मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, करता येते. तिचे दरवर्षीचे फॉर्म मात्र चुकवून चालत नाहीत.

२. जागेचा कागद

स्वतःच्या घरात किंवा गावठाणात मिल असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीच्या नोंदीचा उतारा) आणि वीजबिल काढून ठेवा. शेतात शेड टाकणार असाल तर जमिनीच्या वापराबद्दल तहसीलमध्ये आधी विचारा, पत्रे नंतर आणा.

भाड्याचा गाळा असेल तर थोडं थांबा. ‘११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही’ हे मोंढ्यापासून (धान्यबाजारापासून) बसस्टँडपर्यंत सगळे सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा होता; त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी जागामालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला हे शांतपणे दाखवा. ठेवीची रक्कम बँकेतून द्या आणि करारात तिचा उल्लेख करा.

३. नोंदण्या

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद, पहिली करा. आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, आणि ती पूर्ण मोफत आहे. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या काही साइट हजार-दोन हजार मागतात, तिथे पैसे भरू नका. या नोंदणीचं खरं मोल पुढे उधारीत कळेल.

दुकानाची नोंद २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन होते. कामगार मोजकेच असतील तर धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत फक्त सूचना द्यायची असते. पाटी मराठीत, देवनागरीत हवी; इतर भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. मग उद्यम प्रमाणपत्र दाखवून धंद्याच्या नावाने चालू खातं काढा आणि घरखर्च त्यातून करू नका.

जीएसटी: महाराष्ट्रात मालासाठी वार्षिक उलाढाल ४० लाखांवर, सेवेसाठी २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. सुटी डाळ करमुक्त आहे, पण २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के कर आहे. तुम्ही दोन्ही विकत असाल तर ४० लाख मोजताना सुटी डाळही धरली जाते. आणि आपल्या भागासाठी महत्त्वाचं: उदगीर, निलंग्याहून बीदर जवळ. पाकिटबंद डाळ कर्नाटकात विकली की पहिल्याच विक्रीपासून नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. कंपोझिशन योजना (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठोक दराने कर भरायची सोय) घेतली असेल तर परराज्यात माल विकताच येत नाही.

अन्नपदार्थ असल्यामुळे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना हवाच. त्याचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. मोंढ्यात लिलावात तूर घ्यायची तर बाजार समितीचा खरेदीदार परवाना काढा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आपला उद्योग कोणत्या श्रेणीत येतो, तेही बघून घ्या.

४. पाकीट, काटा आणि नाव

पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी वजनमापे खात्याचा शिक्का घ्यावा लागतो.

‘बोरसुरी तूर डाळ’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे. तुमची तूर दुसरीकडची असेल तर ते नाव छापू नका. माल खरोखर त्या भागातला असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. भाव त्यानेच मिळेल. स्वतःच्या ब्रँडचं नाव ट्रेडमार्कमध्ये नोंदलं की १० वर्षं टिकतं, पुढे नूतनीकरण होतं.

५. कामगार

हजेरी आणि पगाराची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. उचल दिली तर त्यावर सही घ्या. १० कामगार झाले की ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि २० झाले की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. पण मशीनच्या पट्ट्यात हात सापडला तर भरपाई मालकाच्या अंगावर येते, कामगार दोनच असले तरी. त्याचा विमा स्वस्तात मिळतो, मशीन सुरू करण्याआधी काढा.

६. खाजगी पैसा

बँकेची फाइल लांबली की माणूस सावकाराकडे जातो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवाना आहे का, ते सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात कळतं. पैशाच्या बदल्यात शेताचं खरेदीखत करून देऊ नका, ‘पैसे दिले की परत फिरवू’ असं कितीही जवळच्याने सांगितलं तरी. आधीच तसं झालं असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा आदेश काढायचा अधिकार त्यांना आहे, पण त्याला १५ वर्षांची मर्यादा आहे.

७. उधारी

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला माल घेणाऱ्याने लेखी मुदत ठरली असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, ठरली नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. आणि नोंदणी माल देण्याआधीची हवी. बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापून घ्या, डिलिव्हरी चलनावर सही-शिक्का घ्या.

किरकोळ दुकानदाराच्या उधारीला साधारण ३ वर्षांची मुदत. ती संपण्याआधी ‘अमुक तारखेला माझ्याकडे इतके रुपये बाकी’ असं लिहून त्याची सही घेतली, की मुदत तिथून नव्याने मोजली जाते. दिवाळीला वह्या काढता, तेव्हाच हे करून घ्या.

चेक परत आला तर तारखा सांभाळा. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस. तरी पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. समोरचा ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणत असला तरी नोटीस पाठवून ठेवा. पैसे आले तर तक्रार करायची गरजच पडत नाही.