घरासाठी हॉर्न स्पीकर बांधताय? आराखडा निवडतानाच्या या चुका टाळा

हॉर्न स्पीकर म्हणजे ड्रायव्हरचा (कोन हलवून आवाज काढणाऱ्या भागाचा) आवाज कर्ण्यासारख्या रुंदावत जाणाऱ्या मार्गातून बाहेर काढणारा स्पीकर. तो बांधून झाला की तीनच तक्रारी ऐकू येतात. ‘बास येत नाही’, ‘एकच सूर घुमतो’ आणि ‘गाणारा अंगावर ओरडतोय’. तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा आराखड्याच्या निवडीत असतं. प्लाय कापून झाल्यावर ते फोम कोंबून किंवा महागडा कपॅसिटर लावून निघत नाही. म्हणून टिंबर मार्केटची वाट धरण्याआधी कागदावर चार हिशेब करायचे. त्यातला पहिला हिशेब खोलीचा.

खोली न मोजता हॉर्न निवडणं

हॉर्न किती खालपर्यंत वाजेल हे त्याच्या तोंडावर, म्हणजे रुंद टोकाच्या उघड्या भागावर ठरतं. मोकळ्या जागेत ज्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पूर्ण भार (कोनला हॉर्नमधल्या हवेची मिळणारी पकड) हवा, तिच्या तरंगलांबीएवढा तोंडाचा परीघ लागतो. ४० हर्ट्झची तरंगलांबी साधारण ८.६ मीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ५.८५ चौरस मीटर. फ्लॅटच्या मुख्य दाराच्या तिप्पट! जमिनीवर ठेवला तर याच्या निम्मं पुरतं, जमीन आणि भिंत मिळाली तर पाव, आणि खऱ्या कोपऱ्यात एक अष्टमांश, म्हणजे ०.७३ चौरस मीटर. तरीही ८५ बाय ८५ सेंटीमीटरचं तोंड झालंच. ६० हर्ट्झवर समाधान मानलं तर कोपऱ्यात ५७ बाय ५७ सेंटीमीटर पुरतं. हा वीस हर्ट्झचा फरक घरातल्या माणसांना आवडेल की नाही यावर प्रकल्पाचं भवितव्य ठरतं.

पॉल क्लिप्श यांचा १९४६ पासून विकला जाणारा क्लिप्शहॉर्न खोलीच्या भिंतीच हॉर्नचा शेवटचा भाग म्हणून वापरतो. फोटो बघून तो सगळ्यांना हवा असतो. पण त्याला दोन मोकळे कोपरे लागतात, प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना काही फूट अखंड भिंत लागते, आणि दोन्ही कोपरे ऐकणाऱ्याच्या समोर यावे लागतात. कोथरूड, वाकड, हडपसर, कुठल्याही टू बीएचकेचा हॉल डोळ्यांपुढे आणा. एका कोपऱ्यात बाल्कनीचं स्लायडिंग, दुसऱ्यात पॅसेजचं तोंड. अशा ठिकाणी कोपऱ्याचा आराखडा बांधला तर डावा स्पीकर भरदार आणि उजवा पोकळ वाजतो, आणि बॅलन्सचं बटण फिरवून ते जुळत नाही. शिवाय अॅल्युमिनियमची स्लायडिंग फ्रेम बासबरोबर थरथरते, ती वेगळीच.

टेप घेऊन हे लिहून काढा: हॉलची लांबी-रुंदी-उंची, कान आणि स्पीकर यांतलं अंतर, बेडरूमच्या दाराची मोकळी रुंदी, लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली खोली. दार ३० इंची असेल तर चौकट वजा जाता हाती २८ इंच उरतात. १८ मिलिमीटरच्या आठ बाय चार शीटचं वजनच ३५ किलोच्या आसपास असतं आणि मोठ्या घडीच्या (आत मार्ग दुमडलेल्या) हॉर्नला एका पेटीमागे दोन-तीन शीट सहज लागतात. पेटी गॅलरीतून दोरीने चढवायचा बेत निघाला, की आराखडा चुकलाय असं समजावं.

मंडपातला बास घरी आणायचा हट्ट

डब्ल्यू-बिन आणि स्कूप हे मंडपातल्या बास-पेट्यांचे आराखडे फुकट मिळतात, १५-१८ इंची ड्रायव्हर सहज मिळतात, आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर छातीत बसणारा बास आठवत असतो. पण तिथे पेट्यांची भिंत वाजत असते. चार-आठ पेट्या एकमेकांना चिकटल्या की त्यांची तोंडं मिळून एक मोठं तोंड होतं आणि सगळा संच खाली उतरतो. त्यातली एकच पेटी घरी आणली तर तिचं तोंड खालच्या सुरांना अपुरं पडतं, ७०-८० हर्ट्झच्या वर ती दणकून वाजते आणि त्याखाली कोसळते. लांब पल्ल्यासाठी केलेला आराखडा अडीच मीटरवर बसून ऐकण्यात काही मजा नाही.

पेटी आधी, ड्रायव्हर नंतर

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आराखडा एका फॉस्टेक्स किंवा लाऊदर कंपनीच्या ड्रायव्हरसाठी काढलेला असतो आणि त्यात ‘आठ इंचीच आहे की’ म्हणून तपकीर गल्लीत मिळालेला दुसराच ड्रायव्हर बसवला जातो. इंच जुळून उपयोग नाही, एफएस (ड्रायव्हरची स्वतःची अनुनाद फ्रिक्वेन्सी), क्यूईएस (चुंबकाचा कोनवरचा ताबा सांगणारा आकडा, जितका कमी तितका ताबा जास्त), क्यूटीएस (तसाच, पण एकूण ताब्याचा) आणि व्हीएएस (कोनच्या लवचीकतेएवढी हवा, लिटरमध्ये) जुळावे लागतात.

एक झटपट चाळणी अशी: एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर १०० च्या वर आलं तर ड्रायव्हर हॉर्नच्या कामाचा असण्याची शक्यता चांगली. ५० च्या आसपास आलं तर बंद पेटी करा आणि मोकळे व्हा. बॅक-लोडेड (कोनच्या मागचा आवाज वापरणाऱ्या) हॉर्नला क्यूटीएस साधारण ०.२ ते ०.३५ मध्ये बरा. कारच्या स्पीकरचा क्यूटीएस बऱ्याचदा ०.६-०.७ असतो. असा ड्रायव्हर हॉर्नमध्ये घातला की चुंबकाला कोनवर पुरेसा ताबा राहत नाही आणि ढब्-ढब् सुरू होते. उलट ०.२ चा ताकदीचा ड्रायव्हर साध्या पेटीत घातला तर बास गायब आणि नुसता चिरका आवाज.

ड्रायव्हरला डेटाशीट नसेल तर मोजा. संगणकाचं साउंड कार्ड, १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यात इंपीडन्सचा (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणाऱ्या विद्युत विरोधाचा) आलेख निघतो. मग सराफी काट्यावर तोललेलं थोडं वजन कोनला चिकटवून पुन्हा मोजलं की व्हीएएसही मिळतो. मोजण्याआधी ड्रायव्हर काही तास हलक्या आवाजात वाजवून घ्या, कोऱ्या ड्रायव्हरचा एफएस जरा चढाच येतो. आणि जोडीतले दोन्ही मोजा. विनाब्रँड मालात दोन नगांमध्ये मोठा फरक निघणं नवीन नाही.

घसा, चेंबर आणि लांबी यांचा मेळ न घालणं

बॅक-लोडेड हॉर्नमध्ये कोनच्या पुढून येणारा आवाज आणि हॉर्नमधून फिरून येणारा आवाज एकमेकांत मिसळतात. इथला हिशेब बहुतेक जण टाळतात.

आठ इंची ड्रायव्हरचं उदाहरण घ्या. कोनचं क्षेत्रफळ साधारण २१० चौरस सेंटीमीटर, घसा (हॉर्नचं अरुंद टोक) त्याच्या सुमारे ७० टक्के म्हणजे १५० चौरस सेंटीमीटर. ५० हर्ट्झच्या एक्स्पोनेन्शियल हॉर्नमध्ये क्षेत्रफळ दर ३८ सेंटीमीटरला दुप्पट व्हायला हवं. कोपऱ्यातलं पूर्ण तोंड ४७०० चौरस सेंटीमीटर, तिथवर पोचायला साधारण १.९ मीटर लांबी लागते. आता बघा: १.९ मीटर ही १८० हर्ट्झची पूर्ण तरंगलांबी आहे. कोनच्या मागचा आवाज मुळातच उलट्या फेजचा (पुढचा ढकलतो तेव्हा हा ओढतो), त्यामुळे १८० च्या आसपास तो पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. ९० हर्ट्झला मात्र तोच मदत करतो.

यावर उपाय ड्रायव्हरमागच्या चेंबरचा. हॉर्नमध्ये वरचे सूर शिरू न देणारी सीमा ढोबळमानाने अशी निघते: घशाचं क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये, गुणिले ५.४६, भागिले चेंबरचे लिटर. चेंबर ४ लिटरचा ठेवला तर सीमा २०५ हर्ट्झ येते, म्हणजे १८० चा खड्डा पूर्ण ऐकू येणार. ६ लिटर केला तर १३७ हर्ट्झ. हॉर्न आधीच मान खाली घालतो आणि खड्डा उथळ होतो. हा दोन लिटरचा फरक कागदावर फुकट आहे, पेटी चिकटल्यावर नाही. चेंबरच्या भिंतींना जाड लोकरी फेल्ट लावा, पण घशात काही कोंबू नका.

तयार आराखड्यांबद्दलही डोळे उघडे ठेवा. घरगुती बॅक-लोडेड पेट्यांचं तोंड अनेकदा १५०० चौरस सेंटीमीटरच्या घरात असतं. ते कोपऱ्यात ठेवलं तरी पूर्ण भार ८८ हर्ट्झपर्यंतच मिळतो. त्याखाली पेटी हॉर्नसारखी न वागता अनुनादी नळीसारखी वागते, आणि ‘३५ हर्ट्झपर्यंत’ हा दावा त्या नळीच्या जिवावर असतो. ते वाईट नाही, फक्त अपेक्षा तेवढीच ठेवा.

पुढून भरलेला (कोनच्या पुढचा आवाज हॉर्नमध्ये सोडणारा) बास हॉर्न निवडत असाल तर आणखी एक अडचण येते. अडीच मीटरच्या मार्गातून आवाज ७.३ मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. वरच्या ड्रायव्हरला तेवढाच उशीर डीएसपीने (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्राने) द्यावा लागतो, साध्या क्रॉसओव्हरच्या (खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरांत वाटणाऱ्या सर्किटच्या) कॉइल-कपॅसिटरला ते जमत नाही. डीएसपी आणि प्रत्येक भागाला वेगळा अँप्लिफायर हे बजेटमध्ये नसेल तर हा आराखडा सोडा.

वरच्या हॉर्नला झेपणार नाही तिथे क्रॉसओव्हर

हॉर्न आवाजाला दिशा देतो तो एका फ्रिक्वेन्सीच्या वरच. दहा लाखाला आवाजाच्या पसाऱ्याच्या अंशांनी आणि हॉर्नच्या इंचातल्या रुंदीने भागा: ९० अंशांचा १२ इंची हॉर्न सुमारे ९२५ हर्ट्झपर्यंत दिशा धरतो, १५ इंची ७४० पर्यंत. सहा इंची प्लास्टिकच्या टॉपचा (वरच्या सुरांच्या हॉर्नचा) आकडा १८५० येतो. तो १००० ला कापला की आवाज खोलीभर सांडतो आणि वुफरशी (बासच्या ड्रायव्हरशी) जुळत नाही.

ड्रायव्हरचीही मर्यादा असते. एक इंची घशाच्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरला (हॉर्नच्या घशावर बसणाऱ्या वरच्या सुरांच्या ड्रायव्हरला) १०००-१२०० हर्ट्झच्या खाली नेऊ नका. ८०० ला कापायचं तर १.४ इंची घशाचा घ्या. खरेदीच्या वेळी घसा आणि बोल्ट दोन्ही बघा: एक इंचीमध्ये ७६ मिलिमीटरवर दोन बोल्टवाला, ५७ मिलिमीटरवर तीन बोल्टवाला आणि आट्यांचा असे प्रकार येतात. अडॅप्टर लावून काम भागतं, पण अडॅप्टरच्या आत पायरी राहिली की वरचे सूर खरखरीत होतात.

डीएसपी वापरत असाल तरी ड्रायव्हरला सिरीजमध्ये एक कपॅसिटर ठेवाच. अँप चालू-बंद होतानाचा ठोका डायफ्राम फोडू शकतो. ८ ओहम आणि १२०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरसाठी ३३ मायक्रोफॅरड चालतो, त्याची स्वतःची सीमा ६०० च्या आसपास येते.

आणि डेसिबल (सारख्याच पॉवरला येणारा आवाज) जुळवा. टॉप १०८ डीबीचा, वुफर ९५ चा, म्हणजे १३ डीबी उतरवायचे. ८ ओहमसाठी ६.२ ओहम सिरीजमध्ये आणि त्यापुढे २.२ ओहम ड्रायव्हरला समांतर, दोन्ही १० वॅटचे. हे पॅड क्रॉसओव्हर आणि ड्रायव्हरच्या मध्ये बसतं. त्याने अँपची सूं-सूं पण तेवढीच उतरते.

हॉर्नरेस्पच्या सुंदर आलेखावर विसंबणं

डेव्हिड मॅकबीन यांचं हॉर्नरेस्प हे हॉर्नचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि ते न वापरता हॉर्न बांधू नये. मात्र त्यात ‘अँग’ नावाची एक चौकट आहे. तिथे ०.५ पाय भरलं की स्पीकर कोपऱ्यात आहे असं धरलं जातं आणि बास छान दिसतो. पेटी भिंतीच्या मध्यावर ठेवायची असेल तर १.० पाय भरा आणि मगच निर्णय घ्या. दुसरं, कोनच्या हालचालीचा आलेख बघा. कटऑफच्या (हॉर्नच्या खालच्या सीमेच्या) खाली हॉर्नचा भार संपतो आणि कोन मोकाट सुटतो, म्हणून ३० हर्ट्झच्या आसपास सबसॉनिक फिल्टर (त्याखालचे सूर रोखणारा) ठेवा. खोली मात्र या आलेखात नसते. बारा फुटांच्या भिंतींमधला पहिला अनुनाद ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांचा ५६ ला येतो, हे पेन्सिलने शेजारी लिहून ठेवा.

प्लाय

१८ मिलिमीटरचा म्हणून मिळणारा प्लाय बरेचदा १७.२ भरतो. घडीच्या हॉर्नमध्ये सहा थर एकावर एक आले की पाच मिलिमीटरचा फरक पडतो आणि शेवटची फळी बसत नाही. आधी शीट आणा, व्हर्नियरने मोजा, मग कटिंग लिस्ट करा, पात्याचे तीन मिलिमीटर धरून. आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर (पाणी सोसणारा) प्लाय पुरेसा आहे. एमडीएफ नको, पुण्याच्या पावसाळ्यात त्याच्या उघड्या कडा फुगतात. ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला हात जाईल असं स्क्रूचं झाकण आराखड्यात नसेल तर ते घाला.

बांधून झालंय आणि बिघडलंय, तर

बास येत नसेल तर आधी पोलॅरिटी (प्लस-मायनसची जोडणी) बघा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, प्लसला प्लस जोडल्यावर दोन्ही बाजूंचा वुफरचा कोन पुढे यायला हवा. ही चाचणी कॉम्प्रेशन ड्रायव्हरवर करू नका. मग गळती: ३० हर्ट्झचा सूर हळू लावा आणि पेटीच्या सांध्यांवरून उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे सीलंट.

एकच सूर घुमत असेल तर दोष खोलीचा की पेटीचा हे आधी ठरवा. खुर्ची दोन फूट मागे-पुढे करून घुमणं बदललं तर खोली. नाही बदललं तर एक पेटी सोसायटीच्या गच्चीवर नेऊन मोजा, दुपारी, शेजाऱ्यांना सांगून. तिथेही उंचवटा दिसला तर तोंड लहान आहे किंवा क्यूटीएस जास्त आहे.

ओरडणारा आवाज फुल-रेंज (सगळे सूर एकट्याने वाजवणाऱ्या) ड्रायव्हरमध्ये बहुधा ३ किलोहर्ट्झच्या आसपासच्या उंचवट्याने येतो. आधी स्पीकर १५ अंश बाहेर वळवून पाहा, पैसे लागत नाहीत. तेवढ्याने भागलं नाही तर ०.६ मिलिहेन्री, ४.७ मायक्रोफॅरड आणि ६.८ ओहम हे तिन्ही एकमेकांना समांतर जोडून तो गट ड्रायव्हरच्या सिरीजमध्ये घाला. ८ ओहमवर ३ किलोहर्ट्झला पाच डीबी उतरतात.

मग निवडायचं काय? दहा बाय बारा खोलीला आमचं मत स्पष्ट आहे: बास हॉर्नमध्ये नकोच. १२ इंची वुफर ६० ते १०० लिटरच्या व्हेंटेड (हवेसाठी भोक ठेवलेल्या) पेटीत (नक्की लिटर ड्रायव्हरच्या आकड्यांवरून), वर ९० अंशांचा १५ इंची हॉर्न आणि एक इंची ड्रायव्हर, १२०० ला क्रॉसओव्हर. हळू आवाजात ऐकणाऱ्याने चार-पाच इंची फुल-रेंजचा छोटा बॅक-लोडेड घ्यावा. कोपऱ्यातला मोठा हॉर्न सोळा फुटांचा हॉल आणि दोन मोकळे कोपरे असतील तरच. कुठलाही निवडलात तरी पहिली पेटी वाजवून, मोजून झाल्याशिवाय दुसरीचा प्लाय कापू नका, आणि तोंड बाजूला असेल तर दुसरी पेटी आरशातल्यासारखी उलटी येते हे सुताराला खडूने फळीवर लिहून द्या.