इटालियन टोमॅटो सॉस: या चुका टाळा

साध्या इटालियन टोमॅटो सॉसला लागतं तरी काय? चार जणांसाठी 800 ग्रॅम डब्यातला सोललेला टोमॅटो किंवा सव्वा किलो पिकलेला ताजा, चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, लसणाच्या तीन पाकळ्या, चहाचा एक चमचा मीठ आणि बेसिलची आठ-दहा पानं. कांदा घालायचा तर लसूण वगळा; इटलीत पुष्कळ घरांत दोन्ही एकत्र घालत नाहीत. चातुर्मासात दोन्ही वर्ज्य असतील तरी हा सॉस नुसत्या तेल-बेसिलवर उत्तम होतो. वेळ अर्धा तास.

जिन्नस इतके कमी, की एखादी गोष्ट बिघडली तर ती लपत नाही. मसालेदार ग्रेव्हीत करपलेला लसूण गरम मसाल्याखाली खपून जातो, इथे तो पहिल्याच घासाला सापडतो. आणि बिघडतं दर वेळी तेच. निम्म्या चुका हाताला लागलेल्या फोडणीच्या सवयीतून येतात आणि उरलेल्या घाईतून.

लसणाची फोडणी

सगळ्यात जास्त सॉस इथे वाया जातात. तेल कडकडीत तापवायचं, ठेचलेला लसूण टाकायचा, चर्र आवाज आला, तांबूस झाला की टोमॅटो ओतायचा. आमटीला ही रीत बरोबर आहे, कारण तिथे तो खमंगपणाच हवा असतो. या सॉसला लसणाचा गोडसर, मऊ वास हवा असतो आणि कडक तेलात तो मिळत नाही. बारीक ठेचलेल्या लसणाला सोनेरीवरून काळपट व्हायला काही सेकंद पुरतात. त्याचा कडूपणा तेलात उतरतो आणि तेल तर सगळ्या सॉसभर पसरणार. मग काळे कण चमच्याने वेचून काहीही होत नाही. ते तेल टाकून द्या, भांडं पुसा, नव्याने सुरुवात करा. ऑलिव्ह तेल महाग आहे हे मान्य, पण चार चमचे तेल वाचवायला 800 ग्रॅम टोमॅटो कडू करण्यात कसला हिशोब?

रीत अशी. तेल थंड असतानाच त्यात लसणाचे काप घाला आणि गॅस मंद ठेवा. काप साधारण दोन मिलिमीटर जाड असावेत, किसलेला किंवा ठेचलेला लसूण नको. दोन-तीन मिनिटांत कापांभोवती बारीक बुडबुडे दिसू लागतात. आणखी मिनिट-दोन मिनिटांत वास सुटतो, काप मऊ पडतात आणि कडा जेमतेम पिवळसर होतात. टोमॅटो घालायची वेळ हीच. टोमॅटोतल्या पाण्यामुळे भांड्याचं तापमान लगेच खाली येतं आणि लसूण पुढे करपत नाही. म्हणून लसूण तेलात जायच्या आधी टोमॅटो हाताशी तयार हवा. लसूण तेलात आणि डबा अजून फोडायचाय, हा प्रकार नको. लाल मिरचीचे तुकडे घालायचे तर लसणाबरोबर घाला, वेगळं तापवू नका.

आलं-लसूण पेस्ट? नको. आल्याचा इथे काही संबंध नाही आणि बाटलीतल्या पेस्टचा आंबूस वास शेवटपर्यंत जात नाही.

तेलाचंही सांगून टाकतो. बाटलीवर ‘पोमेस’ लिहिलं असेल तर ते चोथ्यातून काढून शुद्ध केलेलं तेल असतं. तळायला ठीक, पण चव जवळपास नाही. या सॉसला एक्स्ट्रा व्हर्जिन हवं. नसेलच तर सूर्यफुलाचं घ्या. शेंगदाण्याच्या घाण्यावरच्या तेलात सॉसला भाजीचाच वास येतो.

टोमॅटो कोणता

बाजारातला टणक, अंडाकृती, जाड सालीचा संकरित टोमॅटो लांबच्या वाहतुकीत टिकावा म्हणून लावलेला असतो. तो आणल्या दिवशी वापरू नका. खोलीतच, फ्रीजबाहेर, दोन-चार दिवस ठेवून पूर्ण लाल आणि दाबला तर नमेल असा होऊ द्या. गावठी चपटा टोमॅटो चवीला सरस, पण आंबट आणि पाणीदार असतो. निम्मा हा, निम्मा तो, असं मिश्रण चांगलं जमतं.

टोमॅटो फिके आणि पिठूळ मिळत असतील तेव्हा सरळ डबा घ्या. डब्यातलं म्हणजे कमअस्सल, हा समज इटलीत कुणी बाळगत नाही. फक्त मागची बारीक अक्षरं वाचा. टोमॅटो, टोमॅटोचा रस, फार तर मीठ आणि आम्लता नियंत्रक 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, इतकंच असावं. 509 दिसलं तर ते कॅल्शियम क्लोराइड. तुकडे कडक राहावेत म्हणून घालतात, आणि राहतातही. तासभर शिजवा, फोडी तशाच. कापलेल्या फोडींच्या डब्यात ते हमखास सापडतं, म्हणून अख्खे सोललेले टोमॅटो घ्या आणि हाताने कुस्करा.

डब्यावरच्या सान मार्त्सानो या टोमॅटोच्या जातीच्या नावाला भुलू नका. दक्षिण इटलीत कांपानिया प्रांतातल्या सार्नो-नोचेरा भागात ठरलेल्या नियमांनी पिकवलेल्या टोमॅटोला 1996 पासून युरोपचं डीओपी, म्हणजे मूळ ठिकाणाच्या नावाचं, संरक्षण आहे. डब्यावर तो लाल-पिवळा शिक्का असेल तरच जास्तीचे पैसे मोजा. नुसतं नाव कुणीही छापतं.

ताज्या टोमॅटोची साल काढायलाच हवी. ती शिजून विरघळत नाही, तिच्या कडक सुरळ्या होतात आणि दातात येतात. बुडाशी फुलीसारखी चीर द्या, उकळत्या पाण्यात 40 ते 60 सेकंद ठेवा आणि गार पाण्यात टाका. त्याहून सोपं म्हणजे टोमॅटो आडवा अर्धा कापून कापलेल्या बाजूने किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा. साल हातात राहते. बियांभोवतीचा गर मात्र फेकू नका. टोमॅटोची खरी रुची त्यात जास्त असते.

मिक्सर

कच्चा टोमॅटो मिक्सरमधून फिरवला की त्यात हवा भरते आणि रंग लालवरून गुलाबी-केशरी होतो. बिया भरडल्या जातात, त्यांचा किंचित कडवटपणा उतरतो. शिजलेला सॉस तेलासकट फिरवला तर तेल आणि पाणी एकजीव होऊन हॉटेलातल्या मखनी ग्रेव्हीसारखा पोत येतो. तसा हवा असेल तर मखनीच करा, ती छान लागते. इथे थोडा भरभरीतपणा हवा. हाताने कुस्करा, नाहीतर भांड्यातच पावभाजीच्या मॅशरने दाबा. अगदी गुळगुळीत हवा असेल तर पुरणयंत्र काढा. इटालियन घरांत याच कामाला हाताने फिरवायचं जाळीचं यंत्र असतं आणि आपलं पुरणयंत्र जवळपास तेच काम करतं. त्यात हवा भरत नाही.

उंच पातेलं, चौपट प्रमाण

वाढदिवसाच्या जेवणाला हटकून घडणारा प्रकार. चार जणांचा सॉस नेहमी चांगला जमतो, म्हणून सोळा माणसांसाठी सगळं चौपट केलं जातं. 400 ग्रॅमचे आठ डबे, मावतील असं 22 सेंटीमीटरचं उंच पातेलं, मंद गॅस. अर्ध्या तासाने बघितलं तर पातळ सार. पाहुणे सातला येणार, साडेसहा वाजलेत. गॅस मोठा होतो. वरती भसाभस उडतं, ओट्यावर, भिंतीवर, शर्टावर. म्हणून झाकण बसतं. झाकणामुळे वाफ पुन्हा आत गळते. तळाशी मात्र घट्ट झालेला गर हलत नाही, तो लागतो. वास आल्यावर कुणीतरी धावत येऊन उलथण्याने तळ खरवडतं आणि करपलेला थर सगळ्या सॉसमध्ये मिसळतो. मग साखर. मग केचप. मग ‘लपेल’ म्हणून क्रीम. सातला टेबलावर जे येतं ते गोड, धुरकट आणि तरीही पातळ असतं, आणि खापर फुटतं ते डब्यातल्या टोमॅटोवर.

चूक पहिल्याच पायरीला झाली होती. पाणी उडतं ते पृष्ठभागावरून. 28 सेंटीमीटरच्या पसरट भांड्यात 800 ग्रॅम टोमॅटोतलं अडीचशे-तीनशे ग्रॅम पाणी वीस-पंचवीस मिनिटांत जातं. 22 सेंटीमीटरच्या पातेल्याचं तोंड त्याच्या जेमतेम 60 टक्के, आणि उडवायचं पाणी चौपट. त्याच आचेवर याला दोन-अडीच तास लागणार, अर्ध्या तासात होणारच नाही. आच वाढवून हा वेळ कापता येत नाही, कारण घट्ट होत जाणारा गर खालची उष्णता वर नेत नाही.

जास्त माणसांसाठी दोन-तीन पसरट भांडी एकदम लावा. ओव्हन असेल तर आणखी बरं: टोमॅटो, तेल, लसूण, मीठ खोलगट ट्रेमध्ये दोन-तीन सेंटीमीटरच्या थरात पसरा आणि 180 अंशांवर पाऊण ते एक तास ठेवा. दर पंधरा मिनिटांनी हलवा. किंवा सॉस आदल्या दिवशी करा. दुसऱ्या दिवशी तो जास्तच चांगला लागतो.

तळाला लागल्याचा वास आला तर खरवडू नका. वरचा सॉस हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता, तळ तसाच सोडा आणि चव घ्या. धुराची चव उतरली नसेल तर वाचला. उतरली असेल तर कशानेही जात नाही.

झाला की नाही हे घड्याळावरून ठरवू नका. बशीत चमचाभर सॉस ठेवा आणि बशी किंचित तिरकी करा. भोवती पाण्याची कड पसरली तर अजून शिजायला हवा. कडेने तेल सुटलेलं दिसलं आणि चमचा तळावरून ओढल्यावर वाट क्षणभर मोकळी राहिली की गॅस बंद.

आंबट झालाय

‘अजून उकळा, आंबटपणा जाईल’ हा सल्ला उलटा आहे. टोमॅटोतलं सायट्रिक आम्ल वाफेबरोबर उडत नाही. पाणी जाईल तशी आंबट चव दाट होते. उकळून जातो तो कच्चटपणा, आणि या दोन गोष्टींत बहुतेकांची गल्लत होते.

आधी मीठ बघा. निम्म्या वेळा सॉस आंबट नसतो, अळणी असतो, आणि दोन चिमटी मिठाने तो जागेवर येतो. तरीही टोचत असेल तर गॅस बंद करून लोण्याचा वीसेक ग्रॅमचा गोळा ढवळा. त्यानंतर साखर, 800 ग्रॅमला पाव चमचा. गोड कळली तर जास्त झाली. खायचा सोडा शेवटचा उपाय आणि तोही चमचाभराचा आठवा हिस्सा. फेस येतो, आंबटपणा लगेच उतरतो, पण टोमॅटोचा तजेलाही उतरतो आणि किंचित जास्त पडला तर साबणाची चव येते. पुढच्या वेळी आंबट टोमॅटोची शंका असेल तर लसूण सोडा आणि एक कांदा बारीक चिरून तेलात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, रंग न बदलता, मऊ करून घ्या. हा गोडवा साखरेपेक्षा बरा.

लोखंडी कढई आणि ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आम्लाने धातूची चव उतरते. स्टील चालतं, तळ जाड हवा.

सुकं ओरेगॅनो पिझ्झावर ठीक. पास्त्याच्या सॉसमध्ये मूठभर टाकलं की सगळ्याला पाकिटाची चव येते.

बेसिल शेवटी, हाताने फाडून. सुरीने बारीक चिरलं की काळं पडतं. अंगणातली तुळस त्याची बदली नव्हे, तिचा लवंगेसारखा उग्र वास सॉसवर बसतो. सब्जा पेरला तर उगवतं ते बेसिलच, पण वास रोपागणिक वेगळा, म्हणून एक पान चावून मग ठरवा. नसेलच तर काहीच घालू नका. कोथिंबीर तर नकोच.

केचप घालून ‘चव आणणाऱ्यांना’ काय सांगायचं? त्यात व्हिनेगर, साखर आणि मसाला असतो. मग टोमॅटो शिजवलाच कशाला?

पास्त्यावर ओतणं

चांगला सॉस ताटात बिघडतो तो इथे. उकडलेला पास्ता ताटात, वर डावभर सॉस, खाली पाण्याचं तळं. पास्ता सॉसमध्येच संपवायचा असतो. 100 ग्रॅमला एक लिटर पाणी, लिटरला 10 ग्रॅम मीठ, तेल अजिबात नाही. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढून थेट सॉसच्या भांड्यात घाला, पाऊण वाटी ते पिठूळ पाणी घाला आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. पाण्यातल्या स्टार्चने सॉस पास्त्याला चिकटतो. नळाखाली धुतलेल्या पास्त्यावरचा स्टार्च मोरीत गेलेला असतो, त्याला सॉस धरत नाही. चीज गॅस बंद केल्यावर. उकळत्या सॉसमध्ये त्याच्या गाठी होतात. शाकाहारी घरांनी लक्षात ठेवा, अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीजला वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं विरजण, वापरतात.

साठवण

फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये तीन महिने. प्लॅस्टिकचा डबा कायमचा लाल होतो, काचेचा घ्या, आणि गोठताना सॉस फुगतो म्हणून वर दोन बोटं जागा सोडा. वर तेलाचा थर दिला की बाहेर टिकतो, हे खोटं आहे. हवा बंद झाली की बुरशी थांबते, पण बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना हवा नकोच असते. लसूण, कांदा आणि तेल घातलेला सॉस बाटलीत भरून कपाटात ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. इटालियन घरांत उन्हाळ्याअखेर बाटल्या भरून उकळतात तो नुसता गाळलेला टोमॅटो असतो. तो करायचा तर अर्ध्या लिटरच्या बाटलीला एक मोठा चमचा बाटलीबंद लिंबाचा रस घाला, कारण काही टोमॅटोंची आम्लता सुरक्षित मर्यादेत, म्हणजे पीएच 4.6 च्या खाली, नसते. ताजं लिंबू इथे चालत नाही. त्याची आम्लता फळागणिक बदलते.