गुलाबी बोंडअळी: पुढच्या पिढीत कोण उरणार ते आपल्या शेतात ठरते

अळीला बीटीची (अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीची) ‘सवय’ झाली, असे म्हणतात. पण अशी सवय लागत नाही. प्रतिकाराचे जनुक असलेल्या मोजक्या अळ्या आधीपासूनच होत्या. बीटीने बाकीच्या मारल्या, उरलेल्यांची प्रजा वाढली. ही अळी जवळपास कपाशीवरच जगते, त्यामुळे दुसऱ्या पिकावरून बीटीला बळी पडणारे पतंग फारसे येत नाहीत. २००२ मध्ये आलेले बीटीचे पहिले जनुक २००९-१० पर्यंत गुजरातमध्ये निष्प्रभ ठरू लागले, २००६ चे दुजनुकी वाणही पुढे हरले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राला मोठा फटका बसला.

यात आपल्या संकरित वाणांचाही वाटा आहे. त्यांच्या बोंडातल्या सरकीत जनुकांची फाटाफूट होते. काही सरकीत दोन्ही विषे, काहीत एकच, थोड्यांत एकही नाही. अळी खाते ती सरकीच, त्यामुळे अर्धवट प्रतिकार असलेलीही तगते.

प्रतिकार हा बहुतांशी अप्रभावी गुण. आई-बाप दोघांकडून जनुक मिळाले तरच अळी बीटीवर वाचते. म्हणून वाचलेल्या पतंगांशी मिलनासाठी नॉन-बीटी झाडांवरचे, बीटीला बळी पडणारे पतंग लागतात. बीटीच्या पाकिटात नॉन-बीटी बियाण्याची वेगळी पुडी असेल तर फेकू नका, कडेने लावा. मिसळलेले असेल तर तसेच टोबा. आता प्रतिकारक पतंगच जास्त असल्याने एवढ्यावर मात्र भागणार नाही.

पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) पिकापेक्षा फूटभर उंच लावा. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात दर रात्री ८ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा एकरातून तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी २ मध्ये अळी निघाली, तरच रासायनिक फवारणी. डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली, मिटलेली फुले) दिसताच तोडून जाळा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरे.

फवारणीतही तीच निवड चालते. एकाच गटाचे औषध लागोपाठ वापरू नका. नाव बदलले म्हणजे गट बदलला असे नाही, लेबलवरचा घटक वाचा. मात्रा लेबलप्रमाणेच ठेवा. नोव्हेंबरपूर्वी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशके टाळा, त्यांनी पांढरी माशीही वाढते.

सर्वांत मोठा घाव फरदडीवर, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीवर, घाला. डिसेंबरअखेर पीक संपवा. वाढवलेल्या पिकावर बीटीतून वाचलेल्यांच्याच आणखी पिढ्या निघतात, आणि शेवटच्या अळ्या पऱ्हाटीत (कपाशीच्या वाळल्या झाडांत), किडक्या बोंडांत, सरकीत सुप्तावस्थेत जातात. पऱ्हाटी बांधावर रचू नका, बारीक करून कुजवा. पुढची लागवड होईपर्यंत ५ ते ६ महिने शेतात कपाशीचे एकही झाड नको, आणि हे सगळ्या शिवाराने मिळून करावे, कारण पतंग बांध ओलांडतात.