जमिनीचा मोबदला खात्यावर पडला, आता काय करायचं?

जमीन कुणी उसनी मागत नाही. नावावर बागायत असताना माझ्या दादाला कुणी कधी म्हणालं नाही की, अर्धा एकर दे, दिवाळीला परत करतो. तीच जमीन समृद्धी महामार्गात गेली, २०१७ मध्ये खात्यावर १ कोटी ८ लाख पडले आणि पंधरा दिवसांत चौघं ओट्यावर येऊन चहा पिऊन गेले. एकाची मुलगी उजवायची होती, एकाला पोकलेन घ्यायचं होतं. उरलेल्या दोघांनी कारणही धड सांगितलं नाही. दादाने मामांकडच्या एकाला ३ लाख दिले. ते आजतागायत आले नाहीत आणि तो माणूस आता आमच्या लग्नकार्यालाही येत नाही. पैसे गेले ते गेले, नातंही गेलं.

मी ३१ वर्षं बँकेत कॅशला होते, त्यातली बरीचशी सिन्नर तालुक्यात. मोबदल्याचे चेक, आरटीजीएस, त्यानंतरचे सहा महिने आणि त्यानंतरची चार वर्षं, असं सगळं काचेच्या अलीकडून पाहिलंय. त्यावरून सांगते: आलेली रक्कम हलवायला जमिनीइतकीच जड करून ठेवा. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

पण त्याच्याही आधी बहिणी. हे काम पैसे यायच्या अगोदर करायचं. मला दादाचा फोन आला होता, "ताई, उद्या सिन्नरला ये, एक सही आहे." गेले तर दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर वहिनी पैठणीची पिशवी घेऊन उभी आणि टेबलावर हक्कसोड पत्र. धाकटीने न वाचताच सही केली. मी म्हटलं, आधी वाचू द्या. वडील २००९ मध्ये गेले, वारसनोंदीत आई, दादा आणि आम्ही दोघी. चौघांचा हिशेब सरळ होता, प्रत्येकी २७ लाख. मी सही केली नाही. दोन भाऊबीजा मी माहेरी गेले नाही, तिसऱ्या वर्षी वहिनीचाच फोन आला.

महाराष्ट्रात हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क १९९४ पासून आहे, तोही तेव्हा लग्न न झालेल्यांना. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. त्या दुरुस्तीच्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा भावांनो, बहिणीला घरी बोलावून आकडा सांगा. ती सोडणार असेल तर रक्कम माहीत असताना सोडू दे. बायांनो, हक्कसोड एकदा नोंदला की मागे फिरवणं फार अवघड. पैठणी परत करता येते.

आता रक्कम जड कशी करायची ते. घरातल्या दोघांच्या नावाने खातं उघडताना फॉर्मवर एक रकाना असतो, व्यवहार कोणाच्या सहीने? कारकून सवयीने "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" यावर खूण करतो, मीही हजारदा केलीय. तिथे "दोघांनी मिळून" लिहायला सांगा. दादा आणि वहिनीचं असं केलं. वहिनीला पैसे मागायला कुणी येत नाही, आणि दादा ओट्यावर भिडेने हो म्हणाला तरी सही दोघांची लागते. अडचण एकच, दोघांपैकी एक गेला तर कागदपत्रांना वेळ लागतो. म्हणून घरखर्चाचं खातं वेगळं, साधं ठेवा. नॉमिनीही त्याच दिवशी लावा, पण तो दोघंही गेल्यावरच कामाला येतो.

मोठी एकच एफडी करू नका. ४० लाखांची एक पावती असली की दवाखान्याच्या २ लाखांसाठी बहुतेकदा अख्खी मोडावी लागते. छोट्या छोट्या करा आणि मुदती वेगवेगळ्या ठेवा. शिवाय बँक बुडाली तर विमा एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंतच (२०२० पासून, आधी १ लाखच होता). म्हणून दोन-तीन बँकांत वाटून ठेवा. पतसंस्थेत हा विमा नाही. चेअरमन पाहुण्यातला आहे, टक्का जास्त देतो, हे मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येत नाही. ६० च्या पुढच्या माणसासाठी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा, एका माणसाला ३० लाखांपर्यंत, व्याज दर तीन महिन्यांनी. आईचं तिथेच आहे.

मोबदल्याच्या मुद्दलावर कर नाही, असं गावात सगळे सांगतात. संपादन कोणत्या कायद्याखाली झालं, त्यावर ते ठरतं; सीएला कागद दाखवून खात्री करून घ्या. व्याजावर मात्र कर लागतो. हे कुणी सांगत नाही आणि दोन वर्षांनी नोटीस येते.

मागायला आलेल्याला काय सांगायचं? "पैसे अडकवलेत, पाच वर्षांनी सुटतील." एवढंच. आजार, शिक्षण, खरी नड असेल तर परत येणार नाहीत असं धरून, झेपेल तेवढे द्या. व्याजाने तर देऊच नका. गावात सावकार म्हणून ओळख व्हायला एक पावसाळा पुरतो.

गाडी. त्या वर्षी आमच्या शाखेसमोर झेंडूचे हार घातलेल्या स्कॉर्पिओ लागायच्या, बोनेटवर नारळ फोडलेला, पाणी फुटपाथवर. घेऊ नका असं कसं म्हणू? आयुष्यभर एसटीच्या टपावर पोती चढवली त्या माणसाने. फक्त पहिलं वर्ष जाऊ द्या आणि मुद्दलातून नको, व्याजातून घ्या. व्याजात बसत नसेल तर ती गाडी तुमची नाही. आमच्या शेजारच्या गटातल्याने दोन घेतल्या. दुसरी चार वर्षांनी विकली, पहिलीला ड्रायव्हर नाही म्हणून ती गोठ्याशेजारी उभी आहे, कोंबड्या बसतात.

गावाचं बघणं बदलतं, त्याची तयारी ठेवा. बांधाच्या एका बाजूच्याला कोटी मिळाले, दुसऱ्याला तीन वर्षं डंपरची धूळ. पिढ्यान् पिढ्या एकाच पंगतीत बसलेली ही माणसं. हरिनाम सप्ताहाची वर्गणी आधी उंबऱ्यामागे ठरायची, नंतर कमिटीवाले मोबदला बघून आकडा टाकायला लागले. आमच्याकडे दादाने पहिल्या वर्षी ५१ हजार दिले. दुसऱ्या वर्षी ५ हजार दिले तर बोलणी खाल्ली. त्यापेक्षा पहिल्याच वर्षी दरसाल झेपेल असा आकडा द्या आणि तो मोडू नका. पोरींच्या लग्नाबद्दल तर बोलूच नये, पाहुणे आता पोरगी बघायच्या आधी गट नंबर विचारतात.

आणि एक जण कुठल्याच यादीत नसतो. आमच्या रानात १५ वर्षं निंदायला येणारी एक बाई होती. महामार्गासाठी आमची जमीन थेट खरेदीने घेतली, त्यात पैसे सातबाऱ्यावरच्या नावांना, तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. मोजणीच्या दिवशी ती खुरपं घेऊन आली आणि परत गेली. मी माझ्या वाट्यातून तिला दोन शेळ्या घेऊन दिल्या. कमी होतं, मला माहीत आहे. तुमच्याकडे सालगडी असेल तर रक्कम फोडताना त्याचा आकडा आधी बाजूला काढा, नंतर निघत नाही.

रिकामे हात ही पैशाहून मोठी भानगड. दादा पहिलं वर्ष पारावर बसून होता. सकाळी पाचला उठायचा, जायचं कुठे ते नाही. संध्याकाळच्या बसण्याला पुढे काय जोडलं जातं ते सांगायला नको. वहिनीने हट्टाने १८ लाखांत तिकडे आत, रस्त्यापासून लांब, दोन एकर घेतली, विहिरीसकट. लोक हसले, रस्त्याकडेचा प्लॉट सोडून आडरानात काय? दादा आता तिथे कांदा करतो. नफा विचाराल तर एफडीपेक्षा कमीच. पण आठ वाजता जेवून झोपतो.

ती जमीन घेतानाच एक कळलं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. शेवटचा गुंठाही संपादनात जाणार असेल तर जुना सातबारा, फेरफार (नावं बदलल्याची नोंद), आठ-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि संपादनाचे कागद यांच्या सही-शिक्क्याच्या नकला आधीच काढून ठेवा, दोन-दोन. आमच्या एका संचाची आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातली आणि बाजरीच्या कोठीत ठेवली. पोस्टाचं पासबुक मात्र तिने वहिनीकडे दिलंय, सांभाळायला.