ऑनलाइन बाजारपेठेच्या गोदामात विक्रेत्याचा माल गहाळ झाला किंवा अडकला तर काय करावे

सर्वात आधी एक गोष्ट ठरवा: माल गहाळ आहे की अडवून ठेवला आहे? गहाळ मालाचा हिशेब मागायचा असतो, अडवलेल्या मालाचा ताबा. दोन्ही एकाच तक्रारीत घातले की ती या विभागातून त्या विभागात फिरत राहते आणि तुमची मुदत संपते.

माल गहाळ असेल तर

सुरुवातीचा साठा, अधिक गोदामाने स्वीकारलेले नग, अधिक ग्राहकांनी परत केलेले, वजा विकलेले, वजा तुम्ही परत मागवलेले. हा आकडा खात्यातल्या शिलकेशी जुळत नसेल, तर फरक कोणत्या शिपमेंटपासून पडला ते शोधा.

समजा, १० खोक्यांत प्रत्येकी २४ असे २४० नग पाठवले आणि २१२ च जमा झाले. २८ ची तूट म्हणजे बहुधा एक अख्खे खोके आणि वर ४ सुटे नग. खोक्यासाठी वाहतूकदाराची पोच लागते. तिच्यावर खोक्यांची संख्या, वजन आणि गोदामाचा शिक्का हवा. सुट्या ४ नगांना ती पोच उपयोगाची नाही. चुकीचे लेबल लागल्याने ते तुमच्याच दुसऱ्या एसकेयूखाली (प्रत्येक उत्पादनाचा वेगळा साठा-कोड) जमा झालेले असू शकतात. तिथे ४ जास्त दिसत असतील तर त्यांचा दावा करू नका. एक खोटा दावा पकडला गेला की खऱ्या दाव्यावरही संशय येतो.

खरेदीचे इनव्हॉइस खात्याच्याच नावावर आणि माल पाठवण्याच्या आधीच्या तारखेचे असावे. त्यात खाडाखोड अजिबात नको. तेवढ्यावरून खाते बंद होऊ शकते.

मुदतीकडे फार लोक दुर्लक्ष करतात. अमेरिकेत अमेझॉनने गोदामात हरवलेल्या मालाच्या दाव्याची मुदत २०२४ मध्ये १८ महिन्यांवरून ६० दिवसांवर आणली. २०२५ पासून भरपाईही विक्री किमतीवर नव्हे, तर मालाच्या मूळ खर्चावर ठरते. म्हणून साठ्याचे अहवाल दर आठवड्याला उतरवून ठेवा. खाते निलंबित झाल्यावर ते उघडतीलच याचा भरवसा नाही.

माल अडवला असेल तर

कारण लेखी मागा: सुरक्षिततेची कागदपत्रे, मालाची संपलेली वापरमुदत, ट्रेडमार्कची तक्रार की खात्याचे निलंबन? ट्रेडमार्कच्या तक्रारीत सगळ्यात जास्त घाई करावी लागते, कारण बनावट ठरवलेला माल नष्ट केला जाऊ शकतो. नष्ट करण्यास हरकत असल्याचे त्याच दिवशी लेखी कळवा आणि पुरवठादाराचे अधिकारपत्र जोडा. इतर प्रकरणांत माल परत मागवण्याची ऑर्डर लगेच टाका. ती नाकारली गेली तरी तो नकार पुढे पुरावा ठरतो. साठवणुकीचे भाडे सुरू असेल तर तेही दाव्यात धरा.

वकिलाकडे जाताना

सेलर करारातली चार कलमे काढून न्या: करार करणाऱ्या कंपनीचे पूर्ण नाव (ब्रँडचे नाव नव्हे), लागू कायदा, लवादाची अट (वाद कोर्टाऐवजी त्रयस्थ लवादाकडे नेण्याची) आणि भरपाईची कमाल मर्यादा. लवादाची अट असेल तर थेट कोर्टात केलेला दावा बहुधा लवादाकडेच पाठवला जातो. लवादाचा खर्च आणि अडकलेली रक्कम यांचा ताळमेळ आधीच विचारा. थोड्या नगांसाठी लवाद परवडत नाही.

नोटीस करारात दिलेल्या पत्त्यावरच जावी. तिच्यात तारीखवार घटना, एसकेयूनिहाय नग, रक्कम आणि उत्तराची ठरावीक मुदत हवी. शिवाय स्कॅनच्या नोंदी आणि कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा. चित्रण लवकर पुसले जाते. युरोपीय संघात २०१९/११५० हा नियम १२ जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार विक्रेत्याची सेवा रोखताना प्लॅटफॉर्मला कारणे कळवावी लागतात, म्हणून तिथल्या नोटिशीत त्याचा उल्लेख करा.

टक्केवारीवर वसुली करून देणाऱ्यांना खात्याचा मुख्य पासवर्ड देऊ नका, मर्यादित परवानगी द्या.

तडजोडीचा मसुदा आला की ‘सर्व दावे निकाली’ असे वाक्य शोधा. त्याऐवजी फक्त त्या शिपमेंटचा क्रमांक घालून घ्या, नाहीतर बाकीच्या मालावरचा हक्कही त्याच सहीत जातो.