विश्वास अंतराल कसा काढावा आणि कसा वाचावा

विश्वास अंतराल म्हणजे नमुन्यावरून समष्टीच्या, म्हणजे ज्यातून नमुना घेतला त्या संपूर्ण समूहाच्या, सरासरीचा अंदाज देणारा दोन संख्यांमधला पट्टा. समजा, ६४ नोंदींच्या यादृच्छिक नमुन्याची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचे माप) १६ आले. १६ ला ६४ च्या वर्गमुळाने, म्हणजे ८ ने भागल्यावर प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक सरासरी साधारण किती बदलेल याचे माप) २ मिळते. तिची १.९६ पट (९५ टक्क्यांसाठीचा गुणक), म्हणजे ३.९२, सरासरीतून वजा केली व तीत मिळवली, की ४६.०८ ते ५३.९२ हा ९५ टक्क्यांचा अंतराल तयार होतो. (नमुना लहान असल्यास १.९६ ऐवजी टी-कोष्टकातील, म्हणजे टी-वितरणाच्या तक्त्यातील, किंमत घ्यावी.)

खरी काळजी घ्यायची ती अर्थ लावताना. समष्टीची सरासरी याच दोन संख्यांमध्ये असण्याची संभाव्यता ९५ टक्के आहे, असे लिहू नये, कारण ती सरासरी अज्ञात असली तरी स्थिर असते आणि बदलतो तो नमुना. याच पद्धतीने पुन्हापुन्हा नमुने घेतले, तर सुमारे ९५ टक्के अंतराल तिला सामावून घेतील, एवढाच दावा करता येतो.