मुंबईकर बागायतदारांसाठी : हापूसच्या उत्पादनाचा अंदाज व कलमांचा नकाशा

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडात हापूसची कलमे असून स्वतः मुंबईत राहणाऱ्या बागायतदारांनी पिकाचा अंदाज फोनवर विचारून ठरवू नये; सुट्टी पाहून गावी जावे आणि तो स्वतः मोजून घ्यावा. फळे वाटाण्याएवढी असताना केलेली मोजणी फसवी ठरते, कारण त्यातील बहुतांश फळे पुढे गळतात. ती कोंबडीच्या अंड्याएवढी झाल्यावर गळ बरीच ओसरते. मोजणी त्या वेळी करावी.

प्रथम प्रत्येक कलमाच्या बुंध्यावर रंगाने क्रमांक घालून चौकटीच्या वहीत बागेचा नकाशा काढावा. कातळावरच्या, उताराच्या बागेत ओळी सरळ क्वचितच असतात, तेव्हा गडगा (दगडी कुंपण), विहीर व पायवाट एवढ्या खुणा पुरेत. नंतर फळांच्या भारानुसार जड, मध्यम व हलकी असे गट पाडून प्रत्येक गटातील निदान पाच कलमे मोजावीत. हापूस बहुधा एका वर्षाआड भरघोस धरतो आणि शेजारच्याच दोन कलमांपैकी एक लगडलेले, तर दुसरे नुसत्या पालवीवर असू शकते, म्हणून सरसकट सरासरी कामाची नाही.

मोजताना कलमाच्या फांद्यांच्या घेराचे चार भाग कल्पून प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहावा. पानांआडची फळे खालून दिसत नाहीत, आणि छायाचित्रावरून फळे मोजणाऱ्या मोबाइल ॲपलाही ती दिसत नाहीत. त्यासाठी दोन-तीन कलमांवर जाणता गडी चढवून आतली फळेही मोजावीत. खालून 160 दिसलेली फळे प्रत्यक्षात 200 भरली, तर सर्व आकडे सव्वापट करावेत.

समजा, 80 कलमांपैकी 20 जड, 40 मध्यम व 20 हलकी असून दुरुस्त सरासरी अनुक्रमे 220, 120 व 30 आली, तर एकूण फळे 9,800 होतात. उरलेली गळ, माकडे, फळमाशी व डागी माल यांपोटी पाचवा हिस्सा वजा करता 7,840 उरतात, म्हणजे पाच डझनी सुमारे 130 पेट्या. फळ अडीचशे ग्रॅमचे धरल्यास जेमतेम दोन टन.

मोहोर टप्प्याटप्प्याने येत असल्याने पहिल्या व नंतरच्या मोहोराची फळे नकाशावर वेगळ्या रंगात दाखवावीत, म्हणजे वाशीच्या बाजारात कोणत्या आठवड्यात किती पेट्या धाडायच्या आणि त्यासाठी खोकी, गाडी व गडी किती लागतील, हे आधीच ठरवता येते. बाग खंडाने (ठरावीक रकमेवर दुसऱ्याला) देणाऱ्यांनी तर हा आकडा हाती आल्याशिवाय भाव बोलूच नये. काढणीच्या वेळी क्रमांकवार फळांची नोंद ठेवावी आणि वर्षानुवर्षे हलक्याच गटात राहणाऱ्या कलमांवर बांडगूळ किंवा खोडकिडा आहे का, हे पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे.